कुलूप काढलेले खेळ आणि सावंतवाडीच्या गंजिफा

भारतीय प्रताधिकार अधिनियमात १९८४ साली जी दुरुस्ती झाली तिने संगणकाच्या आज्ञावलीला ‘वाङ्मयकृती’च्या व्याख्येत स्थान दिले. कायद्याने आमच्या पंक्तीला असा एक पाहुणा आणून बसविला. आणि यजमानांनी, म्हणजे भाषा-साहित्याच्या विभागांनी, गेल्या चाळीस वर्षांत त्याच्या पानाकडे क्वचितच वळून पाहिले. व्हिडिओ गेम हा त्याच पाहुण्याच्या कुळातला. या कुळातील जुन्या कृती अलीकडे मोठ्या संख्येने पुन्हा प्रसिद्ध होत आहेत, आणि पुष्कळदा त्यांच्यावरील नक्कलबंदीचे कुलूप काढून होत आहेत. खेळ विकत घ्यावा, आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा, हवे तितके दिवस आणि हव्या त्या यंत्रावर ठेवावा, पुन्हा कोणाची परवानगी मागावी लागू नये, असा हा व्यवहार आहे. खेळणाऱ्या मंडळींनी त्याची वाखाणणी भरपूर केली आहे. परंतु आवृत्ती म्हणून या आवृत्त्यांची परीक्षा कोणी केलेली प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. ती येथे करावयाची आहे. तुलनेसाठी सावंतवाडीच्या गंजिफा घेतल्या आहेत. कारण बंद पडत आलेला एक जुना खेळ नव्याने सिद्ध करून लोकांच्या हाती देण्याचा प्रयोग आमच्या या जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेला, आणि त्या खेळाला कुलूप असे कधी नव्हतेच.

प्रथम कुलपाचे स्वरूप पाहू. फ्लॉपीवरचा खेळ दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेण्यास फार तर काही मिनिटे लागत आणि नक्कल मुळाइतकीच चोख निघे. हस्तलिखिताची प्रत करताना लेखनिकाचा हात थकतो, डोळा चुकतो, ओळ गळते. येथे तसे काही होत नाही. सबब विक्रेत्याने नाना युक्त्या योजल्या. त्यांतली एक आमच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. जॉर्डन मेक्नर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या डॉस आवृत्तीत पहिला टप्पा ओलांडल्यावर राजपुत्र एका दालनात येतो. तेथे अनेक कुप्या मांडलेल्या असून प्रत्येकीवर एक अक्षर असते. खेळाबरोबर मिळालेल्या छापील पुस्तिकेच्या अमुक पृष्ठावरील, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे आद्याक्षर ज्या कुपीवर असेल ती प्यावी, अशी आज्ञा होते. चुकीच्या कुप्या पीत गेल्यास राजपुत्र मरतो. पृष्ठ, ओळ, शब्द! संदर्भ बिनचूक न देणाऱ्या विद्यार्थ्याला इतकी कडक शिक्षा कोणत्याही विद्यापीठाने आजवर दिलेली नाही.

प्रस्तुत लेखकाने हा खेळ विद्यार्थिदशेत मालवणात, एका खाजगी संगणकवर्गात पाहिला. पुस्तिका कोणाजवळ नव्हती. ती पाहिलेला माणूसही आमच्यात नव्हता. आमच्या हाती आलेल्या प्रतीतले कुलूप मुंबईत की आणखी कोठे, कोणीतरी आधीच मोडून ठेवलेले होते, आणि कोणतीही कुपी प्याली तरी चालत असे. त्या दालनाचे प्रयोजन काय याचा उलगडा आम्हांला पुढे कित्येक वर्षे झाला नाही. ते जादूचे एक निरुपद्रवी स्थळ आहे अशी आमची समजूत होती, आणि त्या समजुतीवर आम्ही बरेच तर्क लढविले होते. भ्रष्ट पाठावर रचलेले भाष्य कसे असते हे आम्ही असे फार लवकर अनुभवले.

पुढे फ्लॉपी जाऊन सी. डी. आली आणि कुलूप पुस्तिकेतून निघून तबकडीत शिरले. संगणकाच्या मूळ व्यवस्थेत स्वतःचा एक पहारेकरी बसवावा आणि अस्सल तबकडी आत असल्यावाचून त्याने दार उघडू नये, अशी ही रीत होती. सेफडिस्क हा त्यांतला एक गाजलेला पहारेकरी. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये त्याला थारा दिला नाही, आणि त्याच वर्षी जुन्या विंडोजमधीलही त्याची जागा सुरक्षेच्या कारणास्तव बंद केली. त्या कंपनीचे कारण रास्तच होते. असल्या पहारेकऱ्याच्या खोलीतून चोर आत शिरू शकत असे. परिणाम मात्र असा झाला की ज्याने पूर्ण किंमत देऊन तबकडी घेतली, जपून ठेवली, तिच्यावर ओरखडाही पडू दिला नाही, त्याच्याच घरी खेळ उघडेना. ज्याने कुलूप मोडलेली नक्कल घेतली होती त्याचा खेळ चालू राहिला. कुलूप हे साळसूदासाठी असते, चोरासाठी नव्हे, असे आपल्याकडे म्हणतात, त्याचे याहून नेमके उदाहरण शोधावे लागणार नाही.

या पार्श्वभूमीवर पोलंडमधील सी. डी. प्रोजेक्ट या कंपनीने २००८ साली ‘गुड ओल्ड गेम्स’ हे विक्रीकेंद्र उघडले, त्याचे महत्त्व ध्यानात येते. आज ते जी. ओ. जी. या आद्याक्षरांनी ओळखले जाते. ज्या देशात अस्सल खेळ विकणाऱ्याची स्पर्धा रस्त्यावर उघड विकल्या जाणाऱ्या नकलांशी होती त्या देशात ही कल्पना निघाली, हे योगायोगाने झाले नाही. ‘बाल्डर्स गेट’ या खेळाची पोलिश आवृत्ती काढताना १९९९ मध्ये या मंडळींनी नकलेवर मात करण्यासाठी संवाद पोलिश नटांकडून वदवून घेतले आणि पेटीत नकाशासारख्या वस्तू घातल्या. अधिक बळकट कुलूप लावण्याच्या भरीस न पडता त्यांनी आपला माल अधिक चांगला केला. तीच वृत्ती पुढे २००८ च्या उपक्रमात दिसते. जुना खेळ घ्यावयाचा, हक्कदार शोधून त्याची संमती मिळवावयाची, कुलूप काढावयाचे, आणि आजच्या यंत्रावर तो चालेल अशी तजवीज करावयाची. शेवटचे काम पुष्कळदा डॉसबॉक्स नावाच्या मुक्त आज्ञावलीवर सोपविले जाते. ही २००२ पासून उपलब्ध असून जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठविते. खेळाला वाटते की आपण १९९० सालच्या संगणकावरच आहोत. नोव्हेंबर २०२४ मध्ये जी. ओ. जी. ने शंभर खेळांपासून एक जतनकार्यक्रम सुरू केला असून त्यांतील खेळ पुढेही चालते ठेवण्याची हमी घेतली आहे.

एका व्यापारी संस्थेने हे केले आणि ग्रंथालयांना ते करता आले नाही, हा योग चमत्कारिक आहे खरा, पण त्याचा दोष ग्रंथपालांच्या माथी मारता येत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीप्रमाणे अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. असे खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने पाहावयास देण्याची मुभा ग्रंथालयांनी मागितली, ती तेथील प्रताधिकार कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. आमचा कायदा काही बाबतींत अधिक समंजस आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ कुलूप मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. आणि आज्ञावलीची वैध प्रत बाळगणाऱ्याला नाशापासून बचावापुरती प्रत करून ठेवण्याची सोय कलम ५२ मध्ये आहे. त्याच कलमात २०१२ साली सार्वजनिक ग्रंथालयांनाही जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची परवानगी मिळाली. तिची अट मात्र अशी की ग्रंथालयापाशी त्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असावी. पोथीला हे लागू पडते, छापील ग्रंथालाही पडते; जन्मापासून डिजिटल असलेल्या खेळाला कसे पडावे? ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची पुस्तिका या उपकलमाखाली जतन करता येईल आणि खेळ येणार नाही. किल्ली जपावी, घर पडू द्यावे, असा हा न्याय झाला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ग्रंथच होता, हे उघड आहे. आज्ञावलीला वाङ्मयात बसविल्याचा आपणांस मध्येच विसर पडला.

घराचा दृष्टान्त सहज आला, पण तो आमच्या किनाऱ्यावर केवळ दृष्टान्त नाही. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही वाडीत जावे, कुलूप लावलेले एखादे घर दृष्टीस पडतेच. सातबाऱ्यावर सामाईक हिस्सेदारांची लांबलचक नामावळी, निम्मे हिस्सेदार मुंबईला, काहींची नावे वारसनोंदीअभावी तशीच पडून. घर विकावे तर सह्या मिळत नाहीत, शाकारावे तर खर्च कोणी करावयाचा हे ठरत नाही. दर पावसाळ्यात कौले सरकतात. संगणकीय खेळांतही अशी घरे आहेत. २००० साली निघालेला ‘नो वन लिव्ज फॉरएव्हर’ हा खेळ नामांकित असून पुनःप्रकाशित होऊ शकलेला नाही. कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या विक्री-विलीनीकरणांत त्याचे हक्क इतके विखुरले की एका प्रकाशकाने २०१३-१४ च्या सुमारास मनापासून खटपट करूनही त्याला संमती मिळविता आली नाही. अशा ठिकाणी नक्कलबंदी काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कुलूप कोणाचे हेच ठाऊक नसते.

आणि ज्यांचे कुलूप निघाले तेही बाजारात कायम राहतात असे नाही. ‘फॉलआउट’ हा खेळ हक्कांच्या हस्तांतरामुळे २०१३ अखेर जी. ओ. जी. च्या विक्रीतून गेला आणि २०१५ साली परत आला. मधल्या काळात ज्यांनी तो आधी उतरवून घेतला होता त्यांचा खेळ मात्र अबाधित राहिला. विक्रेता गेला तरी प्रत उरते. निर्बंधमुक्त आवृत्तीचा खरा गुण आमच्या मते हाच आहे, स्वस्ताई किंवा सोय हा नव्हे. जी प्रत वाचकाच्या घरात, प्रकाशकाच्या इच्छेवाचून, टिकू शकते तीच परंपरेत उतरते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा पुढे कोणी पदरची ओवी तीत घालू नये अशी ताकीद दिली. पण प्रत करू नये असे म्हटले नाही. त्यांना भय होते ते मिसळीचे. प्रती वाढाव्यात हीच तर त्यांची इच्छा असणार.

यावर कोणी महानुभावांचे उदाहरण पुढे करील, आणि ते बिनतोड वाटण्याजोगे आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळी, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत बंद केले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी कुलूप ते हेच. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या परिश्रमाने त्याची किल्ली बाहेरच्यांस सापडेपर्यंत मराठीतील अगदी आरंभीचे गद्य मराठी वाचकाला अज्ञात राहिले. त्या लिप्यांमुळे ग्रंथ परक्या हातांच्या ढवळाढवळीपासून बचावले असे म्हणतात, आणि त्यात तथ्य असेलही. परंतु लीळाचरित्राची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली असे खुद्द पंथाची परंपरा सांगते, आणि ते पुन्हा सिद्ध झाले ते हिराइसा आदींच्या स्मरणातून. त्याचे निरनिराळे पाठ आज आपल्यापुढे आहेत ते त्यामुळेच. म्हणजे प्रसंग आला तेव्हा कुलपाने वाचविले नाही. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांनी वाचविला. या मुद्द्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

तत्पूर्वी एक अडचणीची गोष्ट. या पुनःप्रकाशनांच्या मुळाशी कोणती प्रत असते? २००८ साली युबिसॉफ्टने ‘रेनबो सिक्स व्हेगस २’ या आपल्या खेळासाठी एक अधिकृत दुरुस्ती वाटली. ती प्रत्यक्षात ‘रीलोडेड’ या कुलूप मोडणाऱ्या टोळीची कृती असल्याचे खेळाडूंनी दाखवून दिले. २०१० साली रॉकस्टारच्या ‘मॅक्स पेन २’ च्या विक्रीस असलेल्या प्रतीत ‘मिथ’ नामक दुसऱ्या टोळीची मुद्रा सापडली. ज्यांना कंपन्या चोर म्हणत होत्या त्यांच्याच हातची प्रत कंपनीला, स्वतःच्या ग्रंथाची प्रत म्हणून, विकावी लागली. पाठचिकित्सकाला यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. आडगावच्या अशिक्षित लेखनिकाची पोथी कधीकधी राजाच्या ग्रंथशाळेतील पोथीपेक्षा जुना पाठ राखून असते, हे तो जाणतो. त्याची तक्रार निराळी आहे: ही गोष्ट प्रस्तावनेत का सांगितली नाही? सुकथनकरांनी १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत प्रत्येक हस्तलिखिताची कुळी सांगितली, कोणते का स्वीकारले व कोणते का टाकले याचा हिशेब दिला. त्या शिस्तीत वाढलेल्या वाचकाला संगणकीय खेळाची आवृत्ती हाती घेताच जाणवते की येथे संपादक आहे पण संपादकीय नाही. कोणती प्रत आधाराला घेतली, मूळ प्रकाशनानंतर निघालेल्या दुरुस्त्यांपैकी कोणत्या धरल्या, यंत्राच्या सोंगाचा वेग किती ठेवला, हे सामान्यतः गुलदस्तात राहते. काही वेळा गाळलेलेही सांगत नाहीत. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ या २००४ सालच्या खेळातील मोटारींत रेडिओ वाजत असे, गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपल्याने २०१४ साली त्यांतली अनेक गाणी विक्रीच्या प्रतीतून काढण्यात आली. आज तो खेळ घेणाऱ्याला वाटते आपण २००४ सालची कृती पाहतो आहोत. तो गाळीव संहिता पाहत असतो.

याच्या उलट मेक्नर यांचे वर्तन आदर्श म्हणावे लागेल. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची मूळ लेखनसंहिता हरवली असे ते समजून होते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातील कपाटात फ्लॉप्यांचा एक खोका सापडला. जाणकारांच्या मदतीने त्यावरील अक्षरे पुन्हा वाचली गेली, आणि मेक्नर यांनी ती सर्व, टिपणांसह, जगापुढे खुली ठेवली. नुसता खेळ विकणे आणि खेळाचे हस्तलिखित अभ्यासकाच्या स्वाधीन करणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते. त्या संहितेवरून खेळ पुन्हा बांधता येतो, त्याची रचना वाचता येते, चूक कोठे आहे ते दाखविता येते.

आता गंजिफांकडे वळू. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे; अबुल फजलने ‘ऐने-अकबरी’त त्यांचे वर्णन केले आहे. दक्षिणेत येऊन या फारसी खेळाने दशावतारांचा वेष घेतला. सावंतवाडीच्या दशावतारी जोडात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी एकूण १२० वाटोळी पाने असतात. कापडाचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, खडूचा लेप देऊन, घोटून, रंगवून, शेवटी लाख चढवून चितारी ती तयार करीत. छापील इंग्रजी पत्ते आल्यावर धंदा बसला. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शिवरामराजे भोंसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात या कामाला पुन्हा आसरा दिला तेव्हा ते जाणणारे हात जवळजवळ उरले नव्हते. आज दरबारात बसून कारागीर पाने रंगविताना पाहता येतात, आणि त्यांचे काम देशोदेशी जाते. हे उपकार लहान नाहीत. हा उद्योग नसता तर आपण आज फक्त संग्रहालयांच्या सूचींवर बोलत असतो.

परंतु जोड विकत घेणारे त्याचे करतात काय? बहुतेक जण चौकटीत लावतात. पाने चित्रे म्हणून पाहिली जातात, भेट म्हणून दिली जातात. पिसली आणि वाटली जात नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी एक जुना जोड लाकडी डब्यात होता. त्यातील राजे आणि प्रधान कडांना झिजून पांढरे पडले होते, रामाच्या राजाचा तर अर्धा मुकुट गेला होता. दोन पाने हरवलेली असून त्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या चकत्या कापून शाईने खुणा केल्या होत्या. त्या दोन ओबडधोबड चकत्या हाच त्या जोडाचा सर्वांत बोलका भाग होय. कोणाला तरी डाव पुरा करावयाचा होता, त्याशिवाय चकत्या कोण कापतो? नव्या जोडांवर असली झीज दिसत नाही. ते निर्दोष राहतात.

मुंबईत राहून कलासमीक्षा लिहिणाऱ्या रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफांचा मोठा संग्रह केला व त्यावर १९८२ साली लंडनच्या प्रदर्शनाचा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या कामामुळे पानांची कुळे, शैली, गावे यांची नोंद झाली. पण खेळ आणि पान यांत भेद करावा लागतो, हे सर्वांत आग्रहाने मांडले ते तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी. टॅरो पत्त्यांविषयीच्या १९८० च्या ग्रंथात त्यांनी दाखविले की ज्यांना आज भविष्यकथनाचे साधन समजतात ती पाने मुळात पत्ते खेळण्यासाठी होती. गूढवाद्यांनी अठराव्या शतकात त्यांवर आपला अर्थ लादला, आणि चित्रांच्या अर्थात रमलेल्यांना खेळ दिसेनासा झाला. आपल्या दशावतारी पानांचे तसेच होत आहे. अवतारांची चित्रे ओळखणारे पुष्कळ भेटतात. पण पाच रंगांत दश्शी मोठी व एक्का लहान, तर उरलेल्या पाचांत क्रम उलटा, हे सांगणारा विरळा. या खेळात हुकूम नसतो. तिघे खेळाडू चाळीस-चाळीस पाने घेतात, आणि कोणती पाने पडून गेली याच्या स्मरणावर सारी बाजी असते. दहा रंग, त्यांतले निम्मे उलटे, आणि सगळे ध्यानात ठेवावयाचे! जो हे करून पाहील त्याला कळेल की आपण चौकटीत काय टांगले आहे.

येथे कुलूप कोणते? एकही नाही. नियमांवर कोणाचा प्रताधिकार नाही, पाने विकत मिळतात, पुठ्ठ्याची चकती कापून वापरण्यास कोणाची हरकत नाही. तरीही खेळ बंदच आहे, कारण त्याची आज्ञावली पानांत नव्हती. ती खेळणाऱ्यांच्या डोक्यात होती. संगणकीय खेळाचे नशीब या बाबतीत थोर आहे. त्याचे नियम त्याच्या पोटातच असतात. कोणते पान मोठे याबद्दल तो कोणाला विचारीत नाही. म्हणून कुलूप निघाले आणि यंत्राचे सोंग जमले की खेळ उभा राहतो. एवढ्याने काम झाले असे मानण्याचा मोह त्यामुळेच होतो, आणि निर्बंधमुक्त आवृत्त्यांच्या प्रशंसकांना तो पडला आहे असे आमचे मत आहे.

वस्तुतः संगणकीय खेळाचाही काही भाग गंजिफांच्या जातीचा असतो. मालवणच्या त्या वर्गात संगणक एक आणि मुले सहा होती. ‘प्रिन्स’ एकट्याने खेळण्याचा खेळ. आम्ही तो तिघांनी खेळत असू. एकजण बाणांच्या कळा सांभाळी, दुसरा शिफ्टवर बोट ठेवून बसे (तलवारीचा वार आणि सावध पाऊल त्याच्याकडे), तिसरा घड्याळ पाही, कारण राजकन्येला सोडविण्यास अवघा एक तास दिलेला असतो. उरलेले तिघे मागून ओरडत. कडेवरून उडी केव्हा मारावयाची हे ठरविण्याचा मान ओरडणाऱ्यांचा, असा संकेत होता; तो मोडल्यास पुढची पाळी जाई. यांतले काहीही मेक्नर यांच्या संहितेत नाही, आणि कोणत्याही पुनःप्रकाशनात ते येणार नाही. भारतातल्या पुष्कळ मुलांनी हा खेळ थोड्याफार फरकाने असाच खेळला असेल. एका संगणकापुढे बसणाऱ्यांची संख्या त्या काळी अशीच असे. चोरलेल्या प्रतीवर, पुस्तिकेवाचून, तिघांच्या सहा हातांनी खेळलेला खेळ हा त्या कृतीचा एक पाठभेदच होय. त्याची नोंद आत्ता झाली नाही तर पन्नास वर्षांनी संशोधकाच्या हाती निर्दोष, कुलूप नसलेली आज्ञावली येईल, आणि ती तो चौकटीत लावील.

सबब विभागापुढे दोन कामे ठेवावीशी वाटतात. त्यांतले दुसरे अधिक तातडीचे आहे. पहिले, जी निर्बंधमुक्त आवृत्ती अभ्यासाला घ्यावयाची तिची प्रत, दुरुस्तीचा क्रमांक आणि यंत्राच्या सोंगाचा तपशील प्रबंधात ग्रंथाच्या आवृत्तीइतक्याच काटेकोरपणे देण्याची सक्ती करावी. दुसरे, सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ले या भागांत गंजिफा प्रत्यक्ष खेळलेली वयोवृद्ध माणसे आहेत तोवर त्यांच्यासमोर जोड ठेवून डाव मांडावा, आणि त्यांना खेळू द्यावे. प्रश्नावली नेऊ नये. नियम विचारले असता माणूस आठवेल तेवढे सांगतो. पान हातात आले की न आठवलेलेही बोटे करून दाखवितात.

असा डाव मांडताना एक प्रश्न मात्र टिपून ठेवावा. या खेळात दिवसा उतारीचा मान रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याचा आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याचा, हे ग्रंथांतूनही सापडते. उद्या कोणी गंजिफांची आज्ञावली लिहावयास बसला तर संगणकाच्या घड्याळावरून सूर्यास्त काढणे त्याला कठीण नाही. पण कोकणातल्या माजघरात, आषाढाच्या अंधाऱ्या दुपारी, चार वाजताच दिवा लावावा लागे. आणि दुपारी वाटलेला डाव दिवेलागणीनंतरही रेंगाळत असे. तेव्हा पहिली उतारी कोणाची धरीत: सूर्याच्या हिशेबाने, की दिव्याच्या?